हुकूमनामा हातात आहे, कब्जा कोण देणार? गृहमंत्री आणि होमगार्डच्या महासमादेशकांना खुलं पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. महासमादेशक, होमगार्ड, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी दिवाणी न्यायालयातून निवृत्त झालेला बेलिफ आहे. सगळी नोकरी तालुक्याच्या न्यायालयांत गेली. समन्स आणि नोटिसा बजावणं, जप्ती करणं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे कब्जा वॉरंट, म्हणजे जागेचा ताबा देण्याचा न्यायालयाचा आदेश, घेऊन एखाद्याच्या दारात उभं राहणं, हे माझं काम होतं. आपल्याला पत्र लिहिण्याचं कारण एकच आहे. राज्यभरात कब्जा वॉरंटं ‘पोलीस बंदोबस्त उपलब्ध नाही’ असा शेरा पडून परत येतात, पुन्हा निघतात, पुन्हा परत येतात. हा शेरा थांबवण्याचं साधन आपल्याच खात्यात आहे. ते साधन म्हणजे होमगार्ड. ते या कामाला नियमाने, प्रशिक्षण देऊन आणि मर्यादा घालून का वापरलं जात नाही, हे मला जाहीरपणे विचारायचं आहे.

आधी हा प्रश्न केवढा आहे ते सांगतो. ६ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेरियम्मल विरुद्ध राजमणी या निकालात सगळ्या उच्च न्यायालयांना आपापल्या हद्दीतल्या प्रलंबित दरखास्तींची, म्हणजे जिंकलेल्या दाव्याच्या बजावणीसाठी केलेल्या अर्जांची, माहिती गोळा करायला आणि त्या सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये आकडे समोर आले. देशभरात ८ लाख ८२ हजारांहून जास्त दरखास्ती पडून होत्या. त्यातल्या सुमारे ३ लाख ४१ हजार एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीतल्या, म्हणजे देशात सर्वाधिक. या सगळ्या कब्जाच्या नाहीत, पैशाच्या वसुलीच्याही त्यात पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक विलंबाला पोलीस जबाबदार आहेत असंही नाही. पण प्रत्येक दरखास्तीमागे दावा जिंकलेला एक माणूस आहे. त्याला न्यायाधीशांनी ‘तुझं बरोबर आहे’ असं सांगून झालेलं आहे.

या देशात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा, म्हणजे दाव्याच्या निकालाचा आदेश, मिळाल्यावर सुरू होतात, असं ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, प्रिव्ही कौन्सिलने, दरभंगा संस्थानाच्या खटल्यात १८७२ साली म्हटलं होतं. दीडशे वर्षं उलटली तरी वकील मंडळी ते वाक्य अजून युक्तिवादात वापरतात. अजून ते लागू पडतं, याची मला नोकरीभर लाज वाटत आली.

ज्यांनी न्यायालयाची पायरी चढलेली नाही त्यांच्यासाठी हे काम कसं चालतं ते सांगतो. दावा जिंकला की हुकूमनामा मिळतो. समोरचा माणूस आपण होऊन जागा सोडत नसेल तर दरखास्त दाखल करावी लागते. न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३५ खाली कब्जा वॉरंट काढतं. ते नाझराकडून, म्हणजे बजावणीचं काम पाहणाऱ्या न्यायालयातल्या अधिकाऱ्याकडून, बेलिफाच्या हातात येतं. बेलिफ डिक्रीदाराला, म्हणजे दावा जिंकलेल्याला, आणि पंचांना घेऊन जागेवर जातो. तिथे दाराला आतून कडी असते, किंवा दारात माणसं बसलेली असतात. हुकूमनामा ज्याला बांधील आहे तो बाहेर पडत नसेल तर त्याला बाहेर काढायचा आणि गरज पडली तर कुलूप तोडायचा अधिकार कायदा देतो. पण तो अधिकार वापरायला जागेवर असतो एकटा बेलिफ. हातात वॉरंटची प्रत आणि पंचनाम्याचे कागद, बस्स. मग तो अडथळा आल्याचा अहवाल लिहून परत येतो. डिक्रीदार पोलीस बंदोबस्तासाठी अर्ज करतो, समोरच्याचं म्हणणं येतं, आदेश होतो, पोलीस ठाण्याला पत्र जातं, बंदोबस्ताचे पैसे भरले जातात, तारीख ठरते. आणि त्या तारखेला मंत्र्यांचा दौरा निघतो.

पोलिसांना मी दोष देत नाही. ज्या ठाण्याकडे आम्ही बंदोबस्त मागायचो तिथल्या माणसांचे डोळे रात्रपाळीने सुजलेले असायचे. गणपती, नवरात्र, मोहरम, आषाढी वारी, निवडणुका, मोर्चे, आरोपींना न्यायालयात नेणं-आणणं, हे सगळं सांभाळून दिवाणी कब्जासाठी चार माणसं सोडा, असं कुठल्या ठाणेदाराला सांगायचं? त्याच्या यादीत आमचं काम कायम तळाशी. कारण ते झालं नाही म्हणून त्याला कुणी जाब विचारत नाही.

माझी तक्रार आहे ती त्याच्या वरच्या पातळीवर. एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२१ रोजी राहुल शहा विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी या निकालात सांगितलं की दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली निघाली पाहिजे, आणि पोलिसांच्या मदतीशिवाय बजावणी होणार नाही असं दिसलं तर न्यायालयाने संबंधित पोलीस ठाण्याला मदत द्यायला सांगावं. त्यानंतर निदान प्रत्येक जिल्ह्यात दिवाणी बजावणीसाठी महिन्यातले काही दिवस राखून ठेवलेलं मनुष्यबळ असायला हवं होतं. माझ्या नोकरीत मी असं राखीव पथक पाहिलं नाही. प्रत्येक वेळी नव्याने अर्ज, नव्याने विनवणी. कायद्याने ज्याचा हक्क ठरला आहे, त्याने ठाण्याच्या बाकावर बसून मेहेरबानीची वाट पाहायची.

दुसरी तक्रार स्त्रियांबाबत आहे, आणि ती मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण माझ्या मनाला सगळ्यात जास्त तीच लागली आहे.

महाराष्ट्राने १९९४ साली, देशाच्या अकरा वर्षं आधी, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्माने हक्क दिला. २००५ साली संसदेने तो सगळ्या देशाला लागू केला. त्यामुळे वाटपाच्या दाव्यांत बहिणी वादी म्हणून येऊ लागल्या. दावा जिंकल्यावर शेतजमीन असेल तर वाटपाचं काम संहितेच्या कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, मोजणी होते, जमिनीचा सरस-निरसपणा, म्हणजे कस, पाहून हिस्से पडतात, हद्दीच्या खुणा ठरतात. यात वर्षं जातात. आणि शेवटी ज्या दिवशी त्या बाईला तिचा तुकडा ताब्यात द्यायचा, त्या दिवशी बांधावर कोण उभं असतं? तिच्या भावजया, चुलत्या, भावकीतल्या म्हाताऱ्या. पुरुष मागे झाडाखाली बसलेले असतात. बायकांना पुढे करायचं हे ठरवूनच केलेलं असतं, कारण पुरुष बेलिफ किंवा पुरुष हवालदार बाईला हात लावू शकत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. एका कब्जाच्या वेळी तर एका सुनेच्या हातात रॉकेलचा डबा देऊन तिला दारात उभं केलं होतं. ती थरथरत होती. तो डबा तिने आपल्या मनाने घेतला नव्हता, हे तिच्याकडे बघून कळत होतं. मी वॉरंट घडी करून खिशात घातलं आणि अडथळ्याचा अहवाल लिहिला. दुसरं काही करणं शक्य नव्हतं. सोबत दोन महिला पोलीस असत्या तर त्या सुनेलाही बाजूला घेऊन बसवता आलं असतं, पाणी देता आलं असतं, आणि जिने हक्काने दावा जिंकला होता ती बहीण रिकाम्या हाती परत गेली नसती.

महिला पोलीस मागितल्या की उत्तर ठरलेलं: तालुक्याच्या ठाण्यात मोजक्या आहेत, त्याही बंदोबस्तावर. पण त्याच तालुक्यात महिला होमगार्ड आहेत. नवरात्रात देवीच्या रांगेत बायकांची गर्दी त्याच आवरतात, निवडणुकीत मतदान केंद्रावर त्याच उभ्या असतात. त्यांना या कामाचं प्रशिक्षण देऊन बोलावलं असतं तर किती वॉरंटं परत गेली नसती!

तिसरी गोष्ट थोडक्यात. थकीत कर्जासाठी बँक २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तेव्हा आदेशासाठी तीस दिवसांची मुदत कायद्यातच आहे, ती कारण नोंदवून फार तर साठपर्यंत वाढते. त्या कायद्याशी माझं भांडण नाही. पण बँकेसाठी दिवस मोजायचे आणि विधवेच्या हुकूमनाम्याला दिवसच नाहीत, हा फरक मला पटत नाही. म्हाताऱ्या आईवडिलांचीही तीच गत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांनी मुलाला घर सोडायला सांगितलं, तरी तो आदेश घेऊन दारात कोण जाणार हा प्रश्न राहतोच.

चौथी तक्रार सगळ्यात धोक्याची आहे. सरकारी मनुष्यबळ मिळत नाही म्हणून डिक्रीदार स्वतःची माणसं आणू लागतात. शहरांत विकासकांच्या जागांवर काळ्या टी-शर्टातले बाउन्सर उभे राहतात, गावांत भावकीतली आणि पगारावर बोलावलेली पोरं येतात. वॉरंट न्यायालयाचं आणि जोर भाड्याचा, असा प्रकार होतो. अशा वेळी मार बसला तर कुणाला विचारायचं? समोरच्या माणसाची भांडी फेकली, औषधं हरवली, मुलांची दप्तरं पावसात भिजली, तर कोण जबाबदार? दावा हरलेल्या माणसालाही घर सोडताना सन्मानाने वागवलं जाण्याचा हक्क आहे. काही कब्जे असे असतात की ज्यात हरलेला माणूस लबाड नसतो, गरीब असतो. त्याचं सामान एकेक करून बाहेर काढून यादी करणं, आजारी माणसाला आधी सुरक्षित हलवणं, पडद्यात राहणाऱ्या बाईला बाहेर पडायला वेळ देणं (हे तर नियम ३५ मध्येच लिहिलेलं आहे), या सगळ्याला हात लागतात. बेलिफाचे दोन हात पुरत नाहीत.

म्हणून होमगार्ड. ही संघटना उभी राहिली ती याच भूमीत. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत, दंगलींच्या काळात, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना. १९४७ च्या होमगार्ड कायद्यात या दलाची कामं सांगितली आहेत ती व्यक्तींचं संरक्षण, मालमत्तेची सुरक्षितता आणि सार्वजनिक सुरक्षितता अशी. सेवेसाठी बोलावलेल्या होमगार्डला पोलीस अधिकाऱ्यासारखेच अधिकार आणि संरक्षण मिळतं, आणि पोलिसांच्या मदतीला आलेला होमगार्ड पोलीस अधिकाऱ्याच्याच नियंत्रणाखाली असतो. म्हणजे नवा कायदा करायची गरज नाही. २०२४ मध्ये त्यांचा कर्तव्य भत्ता ५७० वरून १,०८३ रुपये रोज झाला, हे चांगलं झालं. पण भत्ता मिळतो तो बोलावलं त्या दिवसाचाच, आणि वर्षभर काम मिळावं ही त्यांची मागणी जुनी आहे. एका बाजूला दिवस मागणारी माणसं, दुसऱ्या बाजूला माणसं मागणारी वॉरंटं. या दोघांची गाठ घालून द्यायचं काम आपल्या टेबलावर आहे.

यावर कुणी म्हणेल, पूर्ण वेळ पोलीस नसलेल्या माणसाच्या हाती असा अधिकार देणं घातक आहे. आक्षेप खरा आहे आणि तो मी झटकून टाकत नाही. अमेरिकेत न्यायालयाचे घर रिकामं करण्याचे आदेश बहुतेक ठिकाणी शेरीफचे, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाचे, डेप्युटी बजावतात, आणि अनेक शेरीफ स्वयंसेवक राखीव डेप्युटीही नेमतात. ओक्लाहोमातल्या टल्सा इथे २ एप्रिल २०१५ रोजी अशाच एका त्र्याहत्तर वर्षांच्या राखीव डेप्युटीने विजेच्या झटक्याची बंदूक समजून खरं पिस्तूल चालवलं आणि जमिनीवर दाबून धरलेला माणूस मेला. ते प्रकरण मालमत्तेच्या आदेशाचं नव्हतं, बेकायदा शस्त्रविक्रीच्या सापळ्याचं होतं. पण नंतर त्या माणसाच्या प्रशिक्षणाच्या नोंदींवरच प्रश्न उभे राहिले, त्याला शिक्षा झाली आणि शेरीफला पद सोडावं लागलं. आपल्याकडे ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सुंदर खटल्यात छत्तीसगडमधल्या विशेष पोलीस अधिकाऱ्यांबद्दल जे सांगितलं ते तर प्रत्येक गृह खात्याने भिंतीवर लावावं. कमी शिकलेल्या आदिवासी तरुणांना तुटपुंजं मानधन आणि अपुरं प्रशिक्षण देऊन नक्षलविरोधी लढाईत उतरवणं राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ चा भंग आहे, असा तो निकाल होता. त्या तरुणांचाही जीव महत्त्वाचा होता, हे त्या निकालाने ठणकावून सांगितलं.

मला या दोन्ही प्रकरणांतून एवढंच दिसतं की राखीव माणूस वापरायचा तर त्याला शस्त्र द्यायचं नाही, त्याला एकटं पाठवायचं नाही आणि न शिकवता पाठवायचं नाही. कब्जाच्या कामाला बंदूक लागतच नाही. तिथे धीर, संख्या, गणवेश आणि बायकांशी बोलणारी बाई लागते.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रत्येक जिल्ह्यात होमगार्डमधून दिवाणी बजावणीसाठी एक छोटं पथक निवडा, त्यात निम्म्या महिला असू द्या. त्यांना जिल्हा न्यायालयात प्रशिक्षण द्या. कब्जा वॉरंट म्हणजे काय, हुकूमनाम्याला बांधील कोण आणि त्रयस्थ कोण, अडथळा आला तर कधी थांबायचं, हे त्यांना न्यायालयातल्या माणसांनी शिकवावं. तिसऱ्याच कुणी माणसाने ‘ही जागा माझी आहे’ असं म्हटलं तर त्याचा निवाडा आदेश २१ च्याच नियम ९७ ते १०१ खाली न्यायालय करतं, जागेवर उभा असलेला कुणी करत नाही, हे त्यांच्या मनावर पक्कं बिंबलं पाहिजे. यासाठी निवृत्त बेलिफ आणि नाझर मोफत शिकवायला येतील. मी येईन.

पथक जाईल ते बेलिफासोबत आणि निदान एका पोलीस अधिकाऱ्याच्या हुकमाखाली. शस्त्र नाही. काठी उगारायची ती फक्त त्या अधिकाऱ्याच्या आदेशाने आणि स्वसंरक्षणापुरती. दार उघडल्यापासून कब्जेपावतीवर सही होईपर्यंत सगळं चित्रित व्हावं आणि ते चित्रीकरण दरखास्तीच्या कागदांसोबत न्यायालयात जमा व्हावं.

त्याच गावातला होमगार्ड त्या गावच्या कब्जाला नको. दुसऱ्या तालुक्यातला पाठवा. भावकी, जात, शेजार आणि सोसायटीची निवडणूक यांचा दाब किती असतो हे मला माहीत आहे, आणि त्या माणसाला नंतर त्याच गावात राहायचं असतं.

भत्ता डिक्रीदाराच्या हातून होमगार्डला मिळता कामा नये, चहासुद्धा नाही. पैसे न्यायालयात भरले जावेत आणि तिथून खात्यावर जावेत. ज्याला वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाला आहे, त्याच्याकडून बंदोबस्ताचा एक रुपयाही घेऊ नका. कर्तव्यावर जखमी झालेल्या होमगार्डच्या उपचारांचा आणि विम्याचा भार सरकारने उचलावा. बेलिफावर किंवा होमगार्डवर हात उगारला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ आणि २२१ खाली त्याच दिवशी गुन्हा नोंदला जावा, ‘दिवाणी भांडण आहे’ असं सांगून परत पाठवू नये.

हरलेल्या बाजूला तारीख आधी लेखी कळवा. घरात आजारी माणूस, गरोदर बाई किंवा परीक्षेला बसलेलं मूल असेल तर ते सांगायची संधी द्या आणि ते न्यायाधीशांसमोर ठेवा. सामानाची यादी दोन प्रतींत करा, एक त्यांना द्या. खाजगी सुरक्षा संस्थेचा किंवा डिक्रीदाराने आणलेला कुणीही माणूस बजावणीच्या वेळी जागेच्या आत पाऊल टाकणार नाही, असं परिपत्रक काढा. झोपडी पाडण्याच्या मोहिमेला किंवा महापालिकेच्या अतिक्रमण पथकाला हे पथक देऊ नका. ते फक्त न्यायालयाच्या आदेशासाठी आणि ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरणाच्या आदेशासाठी असावं. एकदा का ते सगळ्या कामांना पुरवलं जाऊ लागलं की वॉरंटं पुन्हा रांगेत मागे जातील आणि होमगार्डचं नावही खराब होईल.

आणि शेवटची मागणी. बंदोबस्त नाकारला तर ठाण्याच्या प्रमुखाने कारण आणि पुढची नक्की तारीख न्यायालयाला लेखी कळवावी. दर तीन महिन्यांनी जिल्हावार किती वॉरंटांना बंदोबस्त मागितला, किती दिला, किती नाकारला, याचा तक्ता गृह विभागाने जाहीर करावा. पहिला तक्ता येत्या तिमाहीचा असावा. पथकासाठी एखादा जिल्हा आधी निवडायचा असेल तर जिथे दरखास्ती सर्वाधिक तुंबल्या आहेत तो निवडा. आपल्याकडून उत्तर आलं तर ते मी याच पत्राखाली जसंच्या तसं छापीन.

आपला विश्वासू,
दिवाणी न्यायालयातला एक सेवानिवृत्त बेलिफ